चांगलंवाले काका आणि मोठा शब्द

बादलीतले निम्मे कपडे दोरीवर गेले होते आणि निम्मे अजून पिळाच्या पिळात बादलीत पडून होते. काकांच्या खांद्यावर ओली चादर होती, तोंडात दोन चिमटे होते, आणि नेमक्या त्याच वेळी सूनबाईनं विचारलं,

"बाबा, माझ्या पाटीवर 'अद्भुत' लिहाल?"

तोंडात चिमटे असलेल्या माणसाला असं काही विचारू नये. काकांनी मान एकदा आडवी हलवली, एकदा उभी हलवली आणि शेवटी चिमटे काढून हातात घेतले.

"काय अद्भुत?"

"शिलाई. म्हणजे शिलाई नाही, माप. मी टेप लावत नाही ना, नुसतं बघून माप घेते. सोमवारी दुकान सुरू करायचंय पुढच्या खोलीत. पाटी तुम्हीच लिहिणार ना?"

"पाटी मीच लिहिणार. पण शब्दाचं बघावं लागेल."

सूनबाईनं चादरीचं दुसरं टोक धरलं आणि दोघांनी मिळून ती झटकली. मग चादरीच्या पलीकडून, तोंड दिसत नव्हतं तेव्हाच, ती म्हणाली, "माहेरी याला खोड म्हणायचे. माणसांकडे टक लावून बघते, पोरीला वळण नाही, असं. पाहुणे आले की आई मला आतल्या खोलीत पाठवायची. एकदा तरी कुणी याला बरा शब्द लिहून द्यावा, एवढंच वाटतं. आणि तुम्ही कुणालाही देत नाही, म्हणून तुमच्याकडूनच हवाय."

सूनबाई आत गेली आणि उरलेले कपडे काकांनी इतक्या सावकाश वाळत घातले की काकूंनी खिडकीतून दोनदा डोकावून पाहिलं.

आता हे काका कोण, ते सांगायला हवं. एक्केचाळीस वर्षं त्यांनी गावातल्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या. पत्र्यावर, लाकडावर, काचेवर, भिंतीवर. सुतळीला खडू फासून ती ताणायची, टणकन सोडायची, रेघ उमटली की मनगट काठीवर टेकवायचं आणि अक्षर काढायला घ्यायचं. त्यांचा 'क' बघायला लोक थांबत. पण त्यांची ख्याती अक्षरापेक्षा कंजुषीची होती. रंगाची नव्हे, विशेषणांची. दुकानदार यायचा आणि म्हणायचा, काका, लिहा 'अप्रतिम'. काका म्हणायचे, आधी बघू दे. पिठाच्या गिरणीवाल्यानं 'जगात भारी दळण' लिहा म्हटलं, तर काका दोन शेर पीठ घरी घेऊन आले, काकूंना भाकऱ्या करायला लावल्या, दोन खाल्ल्या, पाणी प्यायले आणि दुसऱ्या दिवशी पाटीवर लिहिलं, 'चांगलं दळण'. गिरणीवाला आठ दिवस बोलत नव्हता. पण लोकांना काकांची सवय माहीत होती. चांगलं म्हणजे हा माणूस खाऊन बघून चांगलं म्हणतोय, हे ठाऊक असल्यानं गिरणीपुढे रांग लागली, आणि नवव्या दिवशी गिरणीवाला स्वतः घरी येऊन चहा पिऊन गेला. त्यानंतर 'चांगलं घड्याळ दुरुस्ती', 'चांगली कटिंग', 'चांगले चष्मे' अशा पाट्या गावभर झाल्या, आणि काकांना सगळे चांगलंवाले काका म्हणू लागले. त्यांच्या खऱ्या नावानं पत्र आलं तर पोस्टमनलासुद्धा क्षणभर विचार करावा लागायचा.

मोठे शब्द त्यांच्याकडे नव्हते असं नाही. उलट एवढे होते की पुरून उरतील. एक लांबट वही होती आणि तीत शब्द वजनाप्रमाणे लावलेले होते. पुढच्या पानांवर छान, सुरेख, नामी, झकास. मग पट्टीचा, जबरदस्त, तरबेज, हातखंडा. त्याच्या पुढे अचाट, अजब, अफाट, अफलातून, विलक्षण, अद्भुत. आणि अगदी शेवटच्या पानावर एकटाच 'अलौकिक'. तो मात्र काकूंनी कायमचा बंद करून टाकला होता. काकू सकाळी देवापुढे हात जोडल्याशिवाय पाण्याचा घोटही घेत नसत. त्या म्हणाल्या होत्या, "तो देवाचा शब्द आहे. तो दुकानावर लावलात तर त्या दुकानात मी पाऊल टाकणार नाही." काकांनी मान्य केलं होतं. तसाही तो मागायला लायक कुणी आलं नव्हतं.

एक्केचाळीस वर्षांत मोठा शब्द तीनदाच वहीतून बाहेर पडला होता. सायकलवाल्याला 'अफलातून' मिळालं, कारण तो चालत्या सायकलचा आवाज ऐकून पंक्चर कुठल्या चाकात आणि किती जुनं ते सांगायचा. वाचनालयातल्या बाईंना 'विलक्षण' मिळालं. कुठल्या वाचकानं कुठलं पुस्तक कितव्या पानावर सोडून दिलं हे त्या विचारल्याशिवाय सांगायच्या, त्यामुळे काही लोक दुसऱ्या वाचनालयात जायला लागले, ती गोष्ट वेगळी. तिसरा शब्द कुणाला दिला होता ते काका सांगत नसत. तो माणूस पुढे बिघडला होता.

आणि ही कंजुषी आली कुठून, तेही सांगते. काका विशीत असताना गावाबाहेर एक तंबू लागला होता. तंबूवाल्यानं काकांकडून भलामोठा फलक लिहून घेतला, 'पृथ्वीवरील महाअद्भुत प्राणी! पाहाल तर थक्क व्हाल!' आत काय आहे ते काकांनी विचारलंही नाही. लाल रंगात पिवळी किनार दिली, उद्गारचिन्हं तर अशी काढली की जणू भिंतीत ठोकलेल्या खुंट्याच. काकांच्या आईला वाचता येत नव्हतं. पण शेजारणीनं फलक वाचून दाखवला, तुमच्या लेकानं लिहिलंय म्हणून सांगितलं, आणि आई दुखऱ्या गुडघ्यानं तीन मैल चालत तो प्राणी बघायला गेली. आत शेळी होती. शेळीच्या कपाळावर डिंकानं तिसरं शिंग चिकटवलेलं होतं आणि तेही एका बाजूला कललं होतं. आई परत आली, पाय गरम पाण्यात सोडून बसली आणि म्हणाली, "अक्षर मात्र फार सुरेख आलंय हो तुझं, सगळे म्हणत होते."

एवढंच म्हणाली. रागावली असती तर परवडलं असतं. त्या दिवसापासून काकांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय एकही मोठा शब्द लिहिला नाही.

तर सूनबाईचा 'अद्भुत' तिथं अडला.

सूनबाई घरात आल्याला दोन वर्षं झाली होती. ती शिवते, बरं शिवते, हे काकांना माहीत होतं. नुसतं बघून माप घेते हे मुलानं चारचौघांत सांगितलेलं त्यांनी ऐकलं होतं, पण नवीन लग्न झालेला नवरा काय वाटेल ते सांगतो, म्हणून सोडून दिलं होतं. मुलगा बस चालवायचा. शुक्रवारी ड्युटीवरून आला आणि टोपी काढता काढता म्हणाला, "बाबा, तिच्या पाटीवर एक शब्द लिहायला तुमचं काय जातं? फ्लेक्सवाला तासाभरात छापून देतो. वर तिचा फोटो. मागे ढग."

"ढग कशाला?"

"ते फुकट असतात."

"माझ्या दाराला फ्लेक्स लागला तर मी मागच्या दारानं ये-जा करीन," काका म्हणाले.

"मागच्या दाराला मी कुलूप लावते," काकू आतून म्हणाल्या. "भांडा काय ते पुढे."

सूनबाईनंच तोड काढली. म्हणाली, "परीक्षा घ्या माझी. तुम्ही सगळ्यांची घेता तशी. घरची म्हणून सोडू नका."

शनिवारी दुपारी पुढच्या खोलीत परीक्षा झाली. मशीन भिंतीला सरकवलं, काकांनी टेप गळ्यात घातला आणि हातात कागद-पेन्सिल घेतली. शेजारच्या नर्सबाई आल्या. पोस्टमन टपाल द्यायला आला होता, त्याला मुलानं दारातच पकडलं. मुलगा होताच, आणि काकू हात पुसत येऊन दाराशी उभ्या राहिल्या. सूनबाई खोलीच्या मधोमध उभी राहिली. हात मागे बांधलेले, शाळेत कविता म्हणायला उभं केल्यासारखी.

पहिला मुलगा. "छाती अडतीस, बाही पावणेचोवीस, पोट..." ती हसली. "पोट छत्तीस."

"मागच्या महिन्यात चौतीस होतं," मुलगा म्हणाला.

काकांनी टेप लावला. छत्तीस.

नर्सबाई ड्युटीला निघाल्या होत्या, पांढरा कोट अंगात होता. त्यांचे आकडे सूनबाईनं त्यांच्या कानात सांगितले आणि नर्सबाईंनी टेप स्वतःच लावून घेतला. आतल्या खोलीतून बाहेर आल्या त्या डोळे मोठे करूनच. "काका, सगळं बरोबर. माझा उजवा खांदा खाली आहे हे तर मलाही माहीत नव्हतं. रोज पेशंट उचलते त्या बाजूनं."

पोस्टमनची छाती सूनबाईनं चाळीस सांगितली, टेप साडेचाळीस म्हणाला. काकांनी भुवया वर केल्या. सूनबाई पोस्टमनला म्हणाली, "भाऊ, शर्टाच्या आत ठेवलंय ते काढा आधी." पोस्टमन लाजला आणि त्यानं आतून घडी घातलेला पेपर काढला. "वाऱ्यासाठी ठेवतो हो, सायकलवर छातीला लागतो." पुन्हा टेप लावला. चाळीस.

काकांनी कागदावर खूण केली. चौथ्यांदा मोठा शब्द बाहेर पडणार होता, आणि तोही स्वतःच्या घरात.

"आता ही," काका म्हणाले आणि काकूंकडे बोट केलं.

"मी कशाला? मी काय शिवायला टाकलंय?"

"नियम म्हणजे नियम. कंबर सांग, सूनबाई."

सूनबाईनं काकूंकडे पाहिलं. मग पोस्टमनकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि म्हणाली, "चौतीस."

काकांनी टेप लावला. एकदा लावला, चष्मा पुसून पुन्हा लावला. काकू आढ्याकडे बघत उभ्या होत्या, जणू तिथं कोळिष्टक आहे आणि ते आत्ताच दिसलंय.

"एकोणचाळीस," काका म्हणाले. "पाच इंच चुकलं."

पोस्टमननं पेपर पुन्हा शर्टात घातला. सूनबाई म्हणाली, "हो बाबा. चुकलं." आणि आत निघून गेली.

संध्याकाळी काकांनी तिला हाक मारून सांगितलं. आवाज शक्य तेवढा मऊ केला. "मी 'चांगली शिलाई' लिहितो. चांगलं म्हणजे माझ्याकडे कमी नसतं, तुला माहीत आहे. पण पाच इंच... मी डोळ्यांनी बघितलं गं."

"चालेल," ती म्हणाली आणि पोळपाट घासायला घेतला. तो आधीच घासलेला होता.

रविवारी सकाळी काकांनी ओट्यावर पत्रा मांडला. आदल्या रात्रीचा प्रायमर वाळला होता. गळ्यातल्या टेपनं तो मोजला, सुतळी ताणून रेघा मारल्या आणि खडूनं 'चांगली' एवढा शब्द काढला. 'चां'चा अनुस्वार काही केल्या मनासारखा बसेना. तीनदा पुसला. एक्केचाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

तेवढ्यात काकू बाहेर आल्या. अंगात करड्या रंगाचा नवा लोकरी कोट होता. त्यांनी वरपासून खालपर्यंत सहाच्या सहा बटणं लावली, हात वर केले, खाली केले, वाकून पायातली चप्पल नीट केली आणि म्हणाल्या, "कसा दिसतो?"

"हा कुठून आला?"

"सूनबाईनं शिवलाय. सोमवारी दुकानातला पहिला कपडा म्हणून देणार होती. मीच हट्टानं आत्ता घालून बघितला."

काकांनी बायकोकडे पाहिलं. बाजारातला कुठलाही कोट काकूंना एक तर पोटावर आवळायचा नाही तर खांद्यावरून ओघळायचा, आणि दर थंडीत त्यावरून घरात दोन दिवस कुरकुर व्हायची. हा कोट अंगाला असा बसला होता की काकूंबरोबरच जन्माला आला असावा. काकांनी गळ्यातला टेप काढला.

"अहो, रस्त्यात काय मोजता!"

"उभी राहा गुमान." कोटाची कंबर त्यांनी मोजली. एक्केचाळीस. दोन इंच मोकळीक धरली तर एकोणचाळीस.

"हा शिवला कधी?"

"कापला मागच्या सोमवारी. मी स्वतः बघितलं. टेपला हात लावला नव्हता तिनं."

काका टेप हातात धरून तसेच उभे राहिले. मागच्या सोमवारी एकोणचाळीस ठाऊक होतं आणि शनिवारी चौतीस? त्यांचा हिशेब लागेना, आणि तो चेहऱ्यावर दिसत असावा, कारण काकू कपाळाला हात लावून म्हणाल्या,

"देवा रे. चाळीस वर्षं संसार केला या माणसाबरोबर. अहो, पोस्टमनसमोर ती माझी कंबर सांगेल का?"

"म्हणजे मुद्दाम?"

"मग! स्वतःचा शब्द घालवला, पण माझी कंबर झाकली. पोरीला वळण नाही म्हणे. तिच्या आईला बोलवा इथं, मी सांगते वळण कशाला म्हणतात ते."

"मग तू तिथल्या तिथं का नाही बोललीस?"

"तिनं झाकलेलं मी उघडं करू?" काकू कोटावरचा धागा झटकत म्हणाल्या. मग जरा थांबून, "आणि खरं सांगू का, चौतीस ऐकायला बरं वाटलं हो. वीस वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं."

काका ओट्याच्या पायरीवर बसले. आयुष्यभर 'स्वतःच्या डोळ्यांनी बघतो' म्हणून मिरवले होते ते. आणि काल खोलीत पाच माणसं उभी असताना त्यांनी बघितलं काय, तर टेप. पोरीचा चेहरा बघितलाच नव्हता. तिनं पोस्टमनकडे पाहिलं होतं, ते समोर दिसत असूनही त्यांना दिसलं नव्हतं. शेळीचं शिंग न बघता लिहिलं ती एक चूक झाली होती. ही दुसरी, आणि ही बघत असूनही केलेली. देवानं पदरात काय टाकलंय ते दोन वर्षांनी एका कोटानं सांगावं लागलं.

ते उठले, पत्र्यावरचा खडू ओल्या फडक्यानं पुसून टाकला आणि आत गेले.

सूनबाई मशीनवर बॉबिन भरत होती. पायाची लय थांबली नाही.

"सूनबाई."

"जी बाबा. पाटी झाली?"

"नाही. काल मी चुकलो. कंबर एकोणचाळीस होती हे तुला माहीत होतं."

बॉबिन भरली. तिनं दोरा तोडला. "आईंनी सांगितलं वाटतं."

"कोटानं सांगितलं. हिनं नुसता अर्थ सांगितला." काका स्टुलावर बसले. त्यांना वाक्य जुळवायला वेळ लागत होता. दुसऱ्याचे शब्द लिहायची सवय, स्वतःचे बोलायची नव्हती. "मी लिहितो तुझा शब्द. तू म्हणालीस तो. अद्भुत. माणसाला एका नजरेत मोजणं एक, आणि मोजलेलं गिळून टाकणं दुसरं. हे दोन्ही एका ठिकाणी मी तरी बघितलेलं नाही. ती खोड नाही, पोरी. अद्भुत आहे. मी बघितलंय."

सूनबाई खाली बघत होती. मग म्हणाली, "परत म्हणा ना."

"काय?"

"शेवटचं."

"अद्भुत आहे. मी बघितलंय."

तिनं पदरात पडलेले दोऱ्याचे तुकडे एकेक करून वेचले, चिमटीत धरले आणि डोळे पुसायला हात मोकळा नाही म्हणून खांद्यालाच गाल घासला. काकांनी खिडकीबाहेर बघितलं. बाहेर काहीही चाललेलं नव्हतं, पण त्यांनी ते बराच वेळ बघितलं.

"आता लिहू नका ते," ती म्हणाली.

"का? आता तर लिहिणारच."

"नको बाबा. अद्भुत लिहिलं की लोक कपडे शिवायला येणार नाहीत, परीक्षा घ्यायला येतील. रोज कुणी ना कुणी म्हणेल, सांग बघू माझं पोट. चारचौघांत. आणि मी दर वेळी खोटं सांगत बसू? मला ते ऐकायचं होतं, ऐकलं."

"मग पाटीवर काय लिहायचं?"

यावर मात्र खल झाला. काकू कोट न काढताच आत आल्या, मुलगाही उठून आला. मुलगा 'हातखंडा' म्हणाला, काकू म्हणाल्या ते कुस्तीचं वाटतं. काकूंनी 'नाजूक शिलाई' सुचवलं, तर मुलगा म्हणाला पोस्टमनचा शर्ट नाजूक कसा शिवणार. काका वही आणायला उठले आणि दारातच थांबले. वहीत असं काही नव्हतं हे त्यांना आठवलं.

"तुझं गिऱ्हाईक कशाला घाबरतं?" त्यांनी विचारलं.

"टेपला," सूनबाई म्हणाली. "आणि शिंपी आकडा मोठ्यानं ओरडतो आणि आतला माणूस लिहून घेतो, त्याला."

काका बाहेर जाऊन पत्र्यापुढे बसले. दुपारपर्यंत उठले नाहीत. जेवायला हाका मारल्या त्या दोनदा वाया गेल्या. शेवटी काळ्या रंगात, बेताच्या अक्षरात पाटी झाली,

'इथे कपडे शिवून मिळतील. माप नजरेनं घेतलं जाईल. कुणालाही सांगितलं जाणार नाही.'

खाली विशेषण नाही, उद्गारचिन्ह नाही.

रंग ओला असतानाच नर्सबाई ड्युटीवरून परत आल्या. फाटकाशी थांबल्या, पाटी पूर्ण वाचली आणि चपला न काढताच आत शिरल्या. "सूनबाई, माझे तीन कोट. आणि आमच्या वॉर्डातल्या सगळ्यांना सांगते, चालेल ना? मेट्रनबाई तर दहा वर्षं एकाच कोटात आहेत, मापाला भिऊन."

"उद्यापासून या म्हणावं," सूनबाई म्हणाली आणि डब्यात हात घालून चाचपू लागली. "बाबा, बटणं संपली. आईंच्या कोटाला शेवटची सहा लावली."

"आणतो की. कसली हवीत?"

"पांढरी, चार भोकांची. तीन डझन."

काकांनी हाताचा रंग टर्पेंटाइननं पुसला, पिशवी घेतली आणि बटणं आणायला बाजारात निघाले.